ओळख पटल्याची सही

“वहिनी, मी इथं नाहीच असं समजा. आणि हलू नका.”

या दोन्ही गोष्टी मला लग्नापासून येत होत्या, म्हणून मी फक्त मान हलवली.

“हललात,” भावजी म्हणाले.

भार्गवभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. साल चौतीस, श्रावणाचा दुसरा आठवडा. मुंबईला पाच वर्षं चित्रकला शिकून ते शेवरगडला परत आले होते, आणि येताना एक ट्रंक, चित्र टेकवायची एक लाकडी घोडी आणि पुष्कळ नवी मतं घेऊन आले होते. ट्रंक माळ्यावर गेली. घोडी आणि मतं माझ्या जपाच्या खोलीत आली.

देवघराबाहेरच्या त्या लांबट खोलीत मी रोज साडेनऊ ते साडेअकरा जपाला बसत असे. त्या चातुर्मासात माझे नेम चार होते. एकभुक्त, पिंपळाला अकरा प्रदक्षिणा, जप आणि खरं बोलणं. चौथा सगळ्यांत सोपा. मला कुणी काही विचारत नसे.

जप माईंच्या संकल्पाचा होता. माई म्हणजे सासूबाई. संकल्प त्या सोडत आणि जप मी करी, कारण त्यांच्या गुडघ्यांना मांडी जमत नसे. पहिले दहा लक्ष यांच्या विषमज्वरासाठी झाले. हे बरे झाले. दुसरे दहा लक्ष नणंदेला मूल व्हावं म्हणून. झालं, आता तो वकील आहे. तिसरे दहा लक्ष चालू होते ते भावजी मार्गाला लागावेत यासाठी. जप पुरा होईतो मी गावाची वेस ओलांडायची नाही, असं पथ्य माईंनी प्रत्येक संकल्पाला जोडलेलं होतं. एक संकल्प पुरा झाला की उद्यापन होई आणि उद्यापनाच्या दुसऱ्या दिवशी पुढचा संकल्प. माईंकडे संकल्पांचा तुटवडा नव्हता.

भावजींनी माझं चित्र काढायला घेतलं ते प्रेमानं नव्हे. गावात दोन तास न हलणारं दुसरं कुणी नव्हतं.

आमच्या संस्थानाचे अधिपती चित्रांचे शौकीन. सगळे त्यांना सरकार म्हणत. त्यांनी त्या वर्षी जाहीर केलं होतं की संस्थानचा एक चित्रकार दोन वर्षांसाठी पॅरिसला पाठवायचा. ज्याला जायचं त्यानं एका जिवंत माणसाचं चित्र काढून भाद्रपदाच्या पंचमीला चित्रशाळेत आणावं. तिघे पुढं आले. भावजींना जमलं नसतं तर कार्तिकापासून संस्थानच्या शाळेत ड्रॉइंग मास्तरची जागा त्यांच्यासाठी राखलेली होती. माईंना ती जागा फार पसंत होती. मास्तरला पेन्शन असते आणि मास्तरला मुलगी मिळते.

“जन्मभर पोरांकडून वांगी काढून घेईन मी,” भावजी म्हणत. “फळ्यावर वांगं, वहीत वांगं. मरताना तोंडात तुळशीऐवजी वांगंच घाला.”

“वांग्यात वाईट काय आहे?” माई म्हणत. “दिसतं तरी वांग्यासारखं.”

हा टोमणा चित्रावर होता. चित्र रोज साडेअकराला यांच्या जुन्या धोतरानं झाकलं जाई. मी ते कधी उघडून पाहिलं नाही. झाकलेलं आपण होऊन उघडायची मला सवय नव्हती, आणि बघ असं कुणी म्हटलंही नाही. माईंनी मात्र चौथ्याच दिवशी धोतर उचललं. मी पलीकडे वाती वळत होते.

“भार्गवा,” माईंनी हाक मारली, “हे कुठलं यंत्र आहे रे? पिठाच्या गिरणीचं?”

“वहिनी आहेत.”

“हे पाट रचून ठेवलेत ते?”

“तो खांदा आहे.”

“आणि डोळे? एक मिटलेला आणि एक उघडा का? तिला काही झालंय का?”

“माई, जप करताना माणसाचा बाहेरचा डोळा मिटतो आणि आतला उघडतो, असं आपले संतच सांगतात की नाही?”

“सांगतात. पण आतला डोळा कानाजवळ असतो असं कुणी सांगितलेलं नाही.”

माईंनी धोतर परत टाकलं आणि हात धुतले.

त्या दिवशी जेवताना यांनी विषय काढला. हे संस्थानच्या दप्तरात कारकून. अकरा वर्षांत तो विषमज्वर सोडला तर एक दिवस रजा नाही. बोलायचे ते पानावर बसल्यावर, आणि तेही वाढून झाल्यानंतर.

“भार्गव, माई म्हणते त्यात नाक नाही.”

“आहे, दादा. दोन बाजूंनी आहे.”

“एका बाजूनं का नाही?”

“नाक जसंच्या तसं हवं असेल तर बाजारपेठेत फोटोग्राफर बसलाय. दोन रुपयांत नाक, वर कान फुकट. मग मी कशाला शिकलो? पॅरिसात लोक हे पंचवीस वर्षांपूर्वी करून मोकळे झाले, दादा. समोरून, बाजूनं, वरून, सगळं एकदम दाखवायचं. माणूस असतो तसा. दिसतो तसा नाही.”

“ते ठीक आहे,” हे म्हणाले. “पण सही कोण करणार?”

मी भात वाढला.

ही सही समजून घ्यायला हवी. आमच्या चित्रशाळेचा एक नियम होता. तिथं टांगायच्या प्रत्येक माणसाच्या चित्राची आधी ओळख पटावी लागे. माणूस मेलेला असेल तर त्याच्या बायकोनं किंवा मुलानं, जिवंत असेल तर ज्याचं चित्र त्यानं स्वतः समोर उभं राहून सांगायचं, मग एका जाड वहीत ‘ओळख पटली’ असं लिहून खाली सही. सही नाही तर चित्र नाही. ती वही हे ठेवत. एका सुभेदारांच्या विधवेनं नवऱ्याच्या तैलचित्रापुढं पाऊण तास उभं राहून सांगितलं होतं, “हे ते नव्हेत. ते इतके गप्प कधी बसत नसत.” चित्र कोठीत गेलं. दुसऱ्या एका चित्रापुढं वारस कुणी नव्हता, पण मयताच्या कुत्र्यानं शेपूट हलवलं. कुत्र्याची ओळख धरावी की कसं, यावर दप्तरात दोन महिने कागद फिरत होता. यांनीच फिरवला. शेवटी कुत्र्याला सही येत नाही या कारणानं नामंजूर झाला.

तर भावजींचं पॅरिस माझ्या सहीवर होतं. आणि मला खरं बोलायचा नेम होता.

हे माईंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी पिंपळाहून येताना त्या माझ्या बरोबरीनं चालू लागल्या.

“मथुरे, मी तुला काही सांगणार नाही.”

“हो, माई.”

“लोक म्हणतील सासूनं पढवलं. मी एवढंच म्हणते, तुझा नेम तू पाळ. चातुर्मासात घेतलेला नेम, देवापुढं घेतलेला. सरकारनं विचारलं की खरं असेल ते सांगून मोकळी हो. खरं काय ते गावातल्या आंधळ्यालाही दिसेल.”

“हो.”

“बोट, समुद्र, तिकडचं खाणं,” माई म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, “नाक तरी काढायचं होतं मेल्यानं.”

पंचमीच्या आदल्या संध्याकाळी भावजी माजघरात आले. मी तांदूळ निवडत होते. ते उभेच राहिले.

“वहिनी, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलावं असं मी म्हणणार नाही.”

“बरं.”

“म्हणजे तुम्ही बोलणारही नाही.”

“नाही.”

“पण एक कराल? लगेच नाही म्हणू नका. आधी नीट बघा. बघून मग नाही म्हणा.”

“बघीन,” मी म्हणाले. ते गेले नाहीत म्हणून मी विचारलं, “भावजी, अगदीच ओळखू येत नाही का मी?”

“मला येता,” ते म्हणाले. “पण मी तीन आठवडे रोज तुमच्याकडंच बघतोय. त्यामुळं माझं धरू नका.”

पंचमीच्या दिवशी आम्ही चित्रशाळेत गेलो. मी, माई आणि भावजी. हे आधीच जाऊन वही उघडून बसले होते. सरकार साध्या कोटात होते आणि त्यांच्याशेजारी आबासाहेब कारभारी. बाकी दोन चित्रकारांची कामं झालेली होती. एकानं देवळाच्या पुजाऱ्याचं चित्र आणलं होतं. पुजाऱ्यानं ते पाहून ताबडतोब सही केली आणि चित्राच्या पाया पडला. दुसऱ्यानं पागेच्या जमादाराचं. त्यानं मिशीबद्दल थोडी कुरकुर केली आणि अंगठा दिला. दोन्ही चित्रं इतकी हुबेहूब होती की खोलीत दोन माणसं जास्त असल्यासारखं वाटत होतं.

भावजींनी धोतर काढलं.

सरकार जवळ गेले, लांब आले, पुन्हा जवळ गेले. कारभाऱ्यांनी मान वाकडी करून पाहिलं.

“हे उलटं तर लागलेलं नाही?”

“नाही, आबासाहेब.”

“बाई कुठं आहेत यात?” सरकारांनी विचारलं.

“सगळीकडं आहेत, सरकार,” भावजी म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

“एका जागी असत्या तर बरं झालं असतं,” कारभारी म्हणाले.

सरकार माझ्याकडं वळले. “बाई, पुढं या. घाई नाही. सावकाश बघा.”

मी पदर सारखा केला आणि पुढं झाले.

बघीन म्हणून भावजींना सांगितलं होतं, तेव्हा बघितलं. खालून वरपर्यंत तपकिरी आणि राखी फळ्या एकमेकींत घुसलेल्या होत्या, दुकानाची दारं घाईनं लावावीत तशा. मधोमध एक हात होता, तो एवढा मोठा की त्यावर जेवायला बसता आलं असतं. त्यात माळ, आणि मणी फणसाच्या आठळ्यांएवढे. त्याच्या वर तोंडाचे तीन तुकडे होते. एका तुकड्यावर मिटलेला डोळा. माझाच होता की कुणाचा ते मिटलेल्या डोळ्यावरून सांगता येत नाही. दुसरा डोळा उघडा, आणि तो पार माझ्या डाव्या अंगाला सरकलेला, माणूस उठून निघून जावा तसा. मी त्या डोळ्याच्या रोखानं पाहिलं. कापडाच्या अगदी कडेला लाल रंगाची एक उभी पट्टी होती. दोन बोटं रुंद. आख्ख्या चित्रात दुसरीकडं कुठं लाल नव्हता.

“हे काय आहे, भार्गव?” सरकार म्हणाले. त्यांनीही तेच पाहिलं होतं. “कुंकवाचा करंडा?”

“काही नाही, सरकार. लाल आहे.”

“म्हणजे काय?”

“वहिनींची नजर तिकडं जाते. त्या नजरेला पलीकडून काहीतरी धरून ठेवणारं हवं होतं, नाहीतर चित्र कलंडत होतं. मी निळा लावून पाहिला, पिवळा लावून पाहिला. तिथं लालच लागत होता.”

कारभाऱ्यांनी यांच्याकडं पाहिलं. हे वहीकडं पाहत होते.

“बरं. बाई, ओळख पटते का?”

माझ्या मागं माई खाकरल्या.

नाही म्हणणं सोपं होतं. खोलीत एक माणूस सोडला तर सगळ्यांना ते खरंच वाटलं असतं, आणि तो एक माणूस बिचारा काही म्हणाला नसता. त्या रात्री माईंनी देवापुढं साखर ठेवली असती, भावजींनी वांगी काढली असती, आणि मी दुसऱ्या दिवशी साडेनऊला जपाला बसले असते. अजून सव्वादोन लक्ष जप उरला होता.

माझ्या जपाच्या जागेवरून समोर, जरा डाव्या हाताला खिडकी दिसते. खिडकीतून समोरचं देऊळ आणि त्याला लागून कोष्ट्यांचं घर. या दोन भिंतींत दोन बोटांची फट आहे. त्या फटीतून पलीकडचा मोटारतळ दिसतो, म्हणजे तेवढाच, दोन बोटं. सव्वादहाला शिंग वाजे आणि ती फट लाल होई. साडेदहाला पुन्हा शिंग वाजे आणि फट मोकळी. माझ्या जागेवर बसल्याशिवाय हे कुणाला दिसत नाही. भावजींची तर खिडकीकडं पाठ होती.

ती कऱ्हाडची मोटार. बावीस मैल.

कऱ्हाडला माझी भीमाआत्या राहत होती. मी दोन वर्षांची असताना आई गेली आणि मला आत्यानं वाढवलं. चार वर्षांपूर्वी तिनं शेजाऱ्याकडून पत्र लिहवून पाठवलं, की मोतीबिंदू वाढतोय, डॉक्टर हात लावायचं नाही म्हणतात, तर अजून दिसतंय तोवर एकदा तोंड दाखवून जा. मी उलट टपाली लिहिलं, येते. त्याच आठवड्यात यांना ताप भरला. मग दहा लक्ष, मग दहा लक्ष, मग दहा लक्ष. दुसऱ्या वर्षीच्या पत्रात होतं, माणूस ओळखू येतं, पण जवळ आल्यावर. तिसऱ्या वर्षी, दारात कुणी उभं राहिलं की उजेड कमी होतो, तेवढं कळतं. चौथ्या वर्षी पत्र आलं नव्हतं.

मी जप करत नव्हते असं नाही. तोंडात नाव असे, मणी सरकत असत. पण सव्वादहा ते साडेदहा मी मोटारीत बसलेली असे, डाव्या बाजूला, आणि मोटार सुटली की उतरून परत येई. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. स्वतःलासुद्धा इतक्या शब्दांत नव्हतं सांगितलं. हा मुलगा तीन आठवडे माझ्यासमोर बसला, मी त्याला नाहीच असं समजले, आणि त्यानं ते काढून ठेवलं. नाक सोडून.

“पटते, सरकार,” मी म्हणाले.

कारभाऱ्यांनी वाकडी मान सरळ केली. मग कारभारी म्हणाले, “कशावरून?”

“नियमात कारण विचारायचं नाही, आबासाहेब,” हे खाली बघूनच म्हणाले.

“नसेना का. मला कळू तर दे. कशावरून, बाई?”

“या लालावरून.”

भावजी चमकून माझ्याकडं बघायला लागले.

“काय आहे तो लाल?”

“कऱ्हाडची मोटार आहे. सव्वादहाची.”

सरकारांनी चित्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ते हळू आवाजात बोलले. त्यांना मोठा आवाज करायची सवय नसावी, लागत नसावी.

“तुम्ही जप करत होता ना?”

“हो.”

“आणि मोटारीकडं बघत होता?”

“हो.”

“रोज?”

“रविवारी मोटार नसते.”

“का बघत होता?”

माईंचं खाकरणं थांबलेलं होतं. मला वाटतं त्या खोलीत बोलले तेवढी मी त्याआधी आणि त्यानंतर जन्मात बोलले नाही.

“तिच्यात बसून जायचं असतं, म्हणून.”

यांच्या टाकातून शाईचा थेंब वहीवर पडला. अकरा वर्षांत त्या वहीवर पडलेला तो पहिला डाग. त्यांनी तो टिपला नाही. तसाच पसरू दिला.

“वाळिंबे,” सरकार यांना म्हणाले, “लिहा.”

“काय लिहू, सरकार?”

“नेहमीचं.”

यांनी लिहिलं. वही माझ्याकडं फिरवली आणि टाक माझ्या हातात दिला. मी सही केली. सही करताना त्यांचं बोट पानावर होतं, कुठं करायची ते दाखवायला. सही झाल्यावरही त्यांनी ते काढलं नाही, तेव्हा मीच वही त्यांच्याकडं परत सरकवली.

सरकार तिन्ही चित्रांसमोरून दोनदा फिरले.

“पुजाऱ्याचं नाक मी रोज देवळात बघतो,” ते कारभाऱ्यांना म्हणाले. “जमादाराची मिशी पागेत बघतो. ही मोटार काही मला ठाऊक नव्हती. भार्गवला पाठवा.”

“सरकार, पण हे टांगायचं कुठं?”

“टांगू नका. माझ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवा. मला अजून कळलेलं नाही.”

आम्ही घरी आलो. मला वाटलं होतं भावजी उड्या मारतील. ते येऊन जपाच्या खोलीत गेले, माझ्या पाटावर बसले आणि खिडकीतून बघायला लागले. मी पाणी घेऊन गेले.

“वहिनी, म्हणजे ती खरंच तिथं होती?”

“हो.”

“लाल?”

“लालच.”

“एवढीच दिसते? दोन बोटं?”

“एवढीच.”

त्यांनी तांब्या खाली ठेवला. “मला वाटलं तो लाल मी शोधून काढला. चार रात्री झोप नव्हती मला त्या लालासाठी.” त्यांनी पुन्हा खिडकीतून पाहिलं. “म्हणजे शेवटी झालं की हुबेहूब.”

मला त्यांची दया आली.

“मोटारीला चाकं असतात, भावजी,” मी म्हणाले. “तुम्ही कुठं काढलीत?”

त्यांनी जरा विचार केला. “नाही काढली.”

“नाही ना?”

“नाही,” ते म्हणाले, आणि तांब्या उचलून पाणी प्यायले.

दिवेलागणीला माई देवघरात आल्या. देवापुढं निरांजन लावलं, नमस्कार केला आणि तिथंच भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या. मी समोर बसले.

“पाव तासात किती माळा होतात?”

“तीन.”

“चार वर्षांच्या किती झाल्या?”

“मोजलं नाही.”

“त्यानं मोजलं असेल,” माई देवाकडं बघून म्हणाल्या. त्या गुडघा चोळत होत्या. “बोलली का नाहीस?”

“संकल्प तुमचा होता.”

“तोंड तुझं होतं ना?” माई म्हणाल्या. मग बराच वेळ गुडघाच चोळत राहिल्या. “चार वर्षं तुला बसवलं. मला वाटायचं, पोरगी काय एकाग्र आहे. मी शेजारणींना सांगायची.”

मी निरांजनात तूप घातलं.

“पण भार्गव निघाला ना पॅरिसला? मार्गाला लागावा म्हटलं, लागला. कुठल्या ते मी म्हटलं नव्हतं, ही माझी चूक. म्हणजे जप पोचला. अर्धामुर्धा पोचला असता तर तो कोल्हापूरपर्यंतच गेला असता.” त्यांनी निरांजनाची वात पुढं सारली. “संकल्प पुरा झाला असं मी धरते. उरलेले सव्वादोन लक्ष मी भिंतीला टेकून करीन, पाय लांब करून. त्याला चालत असेल तर चालेल, नसेल तर त्यानं माझे गुडघे बरे करावेत.”

“आणि वेस?”

“संकल्प पुरा झाला म्हटल्यावर कसली वेस?” माई चिडून म्हणाल्या.

हे ओसरीवर बसले होते. हातात कागद नव्हता, आणि कागद नसला की ते कसे दिसतात ते मला माहीत नव्हतं.

“तुझ्या आत्याला मी मांडवात शब्द दिला होता,” ते म्हणाले. “वर्षातून एकदा पोरीला पाठवीन म्हणून.”

“हो.”

“तू एकदाही आठवण केली नाहीस.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

त्यांनी हे वहीतली नोंद तपासावी तसं तपासलं. “खरं आहे,” ते म्हणाले. आणि नंतर, “यंदा पत्र आलं होतं?”

“नाही.”

“एकदाही?”

“नाही.”

पुढचं दोघांच्याही मनात होतं. ते बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता.

“तरी जायचं?”

“हो,” मी म्हणाले.

सकाळी त्यांनी रजेचा अर्ज लिहिला, वाळू टाकून सुकवला आणि भावजींच्या हाती दप्तरात पाठवला. मी पिंपळाच्या प्रदक्षिणा रोजच्यापेक्षा लवकर आटपल्या. माईंनी चुलीपुढं बसून एक डबा भरला.

“रव्याचे लाडू आहेत. तूप जास्त घातलंय, तोंडात विरघळतील. दात असतील नसतील तिला.” डब्यावर फडकं बांधताना त्यांनी गाठ दोनदा सोडली आणि दोनदा मारली. “आणि घरात कुणी भेटलंच नाही, तर शेजाऱ्याला दे. पत्रं लिहीत होता ना तो.”

मी त्यांना नमस्कार केला. देवाला केला. यांनी छत्री काखेत घेतली आणि डबा माझ्या हातातून आपल्या हातात घेतला. असं त्यांनी पूर्वी कधी केलेलं नव्हतं, त्यामुळं गल्लीच्या तोंडापर्यंत तो त्यांना नीट धरता येत नव्हता. तिथं ते थांबले, डब्याचा हात बदलला, मी बरोबरीला आल्यावर पुन्हा चालू लागले. दहाला अजून पाच मिनिटं होती.